कोची उरकू नका

केरळच्या सहलीचं कुठलंही मराठी माहितीपत्रक उघडा. मुन्नारला दोन रात्री, थेक्कडीला एक, अलेप्पीला हाउसबोट. आणि कोची? ‘आगमन व स्थलदर्शन.’ विमान सकाळी उतरणार, टेम्पो ट्रॅव्हलर विमानतळावरून मंडळींना उचलणार, जेवणाच्या आगेमागे फोर्ट कोची आणि मट्टंचेरी उरकणार आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घाटाला लागणार. १३४१च्या महापुराने मुझिरिस या जुन्या बंदराची सद्दी संपली, कोचीचं बंदर उघडलं आणि पुढची कित्येक शतकं काळ्या मिरीसाठी जग इथे येत राहिलं. त्या शहराला आपण अर्धा दिवस देतो. चहाच्या मळ्यांना दोन देतो. हे चुकतंय.

टेम्पो ट्रॅव्हलरबद्दल माझी तक्रार नाही. गुडघे धरलेल्या मावश्यांना, बायपास झालेल्या काकांना त्या गाडीने केरळ दाखवलं, हे मोठंच काम आहे. ती नसती तर ही मंडळी घरी बसून टीव्हीवर बॅकवॉटर बघत राहिली असती. गाडीत काय सांगितलं जातं आणि गाडी कुठे थांबत नाही, याबद्दल मला बोलायचंय.

सांगितलं जातं ते असं: पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले. चिनी जाळी, ज्यूंचं सिनेगॉग, डच पॅलेस. सगळी मंडळी आली आणि गेली. जी आली आणि राहिली, त्यांच्याविषयी गाडीतल्या माइकवरून चकार शब्द निघत नाही. त्या राहिलेल्यांमध्ये गोव्या-कोकणातली माणसं आहेत. मराठी सहलीच्या मराठी गाडीत हे सांगितलं जाऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

क्रमाने बघू. पहिला थांबा सेंट फ्रान्सिस चर्च. १५०३ साली पोर्तुगीजांनी इथे लाकडी चर्च उभं केलं, नंतर ते दगडी झालं. वास्को द गामा १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि इथेच त्याला पुरलं. चौदाएक वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे ज्या कठड्याभोवती सगळा ग्रुप मोबाइल धरून उभा राहतो, त्याच्या आत कुणीही नाही. तिथून मान जरा वर केलीत तर छताला टांगलेले कापडी पंखे दिसतील. त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात. आत साहेबलोकांचं प्रवचन चालू असताना बाहेर उन्हात बसून हे दोर ओढणारी इथली माणसं होती. एकाही गाइडला मी ते भोक दाखवताना पाहिलेलं नाही. गामाचं रिकामं थडगं दाखवायला वेळ आहे, मग हातभर अंतरावरच्या दोराला का नाही?

पुढे चिनी जाळी. सूर्यास्ताचा फोटो सगळ्यांना हवा असतो, काढावाच. पण फोटो झाल्यावर थोडं थांबून जाळं खाली जाताना आणि वर येताना बघा. लांबलचक वाशांच्या टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-सहा माणसं मिळून दोर खेचतात, एकेक दगड खाली टेकत जातो आणि जाळं पाण्यातून वर येतं. वजनाचं सगळं गणित त्या दगडांत. हल्ली वर येतं त्यात मासे थोडे आणि पाणवेलींचा पाला जास्त. दोर ओढू दिल्याबद्दल ती माणसं पर्यटकांकडे पैसे मागतात, तेव्हा आपली मंडळी नाकं मुरडतात. मुरडू नयेत. जाळ्याची डागडुजी, वासे, दोर, सगळं महाग झालंय आणि मासळीवर ते भागत नाही. ती जाळी उभी आहेत तोवर तुमचा फोटो आहे. पैसे द्या.

मग मट्टंचेरी. ‘डच पॅलेस’ असं म्हणतात तो वाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी १६६३ नंतर त्याची दुरुस्ती केली, एवढंच. आत भिंतभर रामायण रंगवलेलं आहे आणि तेच खरं बघण्यासारखं. बहुतेक गाड्या शेजारच्या ज्यू टाउनकडे पळायच्या घाईत असतात, त्यामुळे भिंतीपुढे उभं राहायला मिळत नाही.

सिनेगॉगमध्ये गाइड खाली बोट दाखवतो: निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या, एक दुसरीसारखी नाही. खरं आहे, सुंदर आहेत. १५६८ची ही वास्तू, अठराव्या शतकात आलेल्या या फरश्या, वरची काचेची झुंबरं, सगळं मन लावून बघावं असंच आहे. पण या फरशीवर कुणाला पाऊल टाकू दिलं जात होतं आणि कुणाला नाही, हा या जागेचा खरा इतिहास आहे. परदेसी म्हणजे बाहेरून आलेले ज्यू, मलबारचे जुने ज्यू आणि गुलामीतून मोकळ्या झालेल्यांचे वंशज, असे थर इथे होते. शेवटच्यांना मुख्य सभागृहात बाकावर बसता येत नसे, तोरा हा धर्मग्रंथ वाचता येत नसे. त्याच वंशात १८८२ साली जन्मलेले अब्राहम बराक सालेम मद्रासला शिकून वकील झाले, गांधीजींच्या चळवळीत शिरले आणि सत्याग्रहाचं हत्यार त्यांनी थेट आपल्याच प्रार्थनामंदिरात आणलं. बरीच वर्षं झगडून त्यांनी ते अडसर एकेक करून सैल केले. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणत. महाडचं तळं आणि काळाराम मंदिराचं दार ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. फक्त कुणीतरी ती सांगायला हवी. फरशांपेक्षा लवकर लक्षात राहील.

एक धागा आणखी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आणि कोकणातल्या बेने इस्रायल मंडळींना धर्मविधी आणि हिब्रू शिकवायला आले त्यांत कोचीचे ज्यू शिक्षक होते. अलिबाग-रेवदंड्याच्या शनवार तेल्यांचं, म्हणजे याच बेने इस्रायलांचं, नातं या गल्लीशी असं जुळतं. रायगड जिल्ह्यातून आलेल्या गाडीत हे वाक्य एकदा उच्चारून बघा, मागच्या सीटवरची पेंग उडेल.

सिनेगॉगनंतर दुकान. मसाल्याचं, नाहीतर ‘अँटिक’चं. गाडी तिथे निवांत थांबते. चर्चमध्ये ‘चला, चला’ करणारा माणूस इथे खुर्ची घेऊन बसतो. दुकानातून त्याला काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि मी त्याला दोष देणार नाही, कारण कंपनी त्याच्या हातावर जे ठेवते त्यात घर चालत नाही. दोष दर कमीत कमी दाखवायच्या स्पर्धेचा आहे आणि ती स्पर्धा आपण ग्राहकांनीच लावलेली आहे. गाइडला नीट पैसे द्या म्हणणारा ग्राहक मला अजून भेटायचाय.

दुकानातून गाडी निघते आणि वळते एर्नाकुलमच्या पुलाकडे. इथेच चूक होते. वळायला हवं चेरलाईकडे.

चेरलाई मट्टंचेरीतच आहे, गाडीने अगदी थोडं अंतर. तिथे तिरुमल देवस्वमचं व्यंकटाचलपतीचं मोठं देऊळ आहे आणि भोवती कोकणी बोलणाऱ्यांची वस्ती. सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली जाऊ लागली, धर्मांतराचा जाच वाढला, १५६०ला इन्क्विझिशन बसलं. त्या काळात गलबतांनी आणि पायी दक्षिणेकडे निघालेली कुटुंबं इथे येऊन ठेपली. फोर्ट कोचीवर सत्ता पोर्तुगीजांचीच होती, म्हणजे ज्यांच्या जाचाने पळाले तेच इथेही दारात उभे. पण शेजारची मट्टंचेरी राजाची होती आणि राजाने आसरा दिला. गौड सारस्वत आले, दैवज्ञ आले, वैश्य वाणी आले, शेतीभाती करणारे कुडुंबी आले. साडेचारशे वर्षं लोटली. भोवती सगळं मल्याळम, शाळा मल्याळम, बाजार मल्याळम. घरात मात्र कोकणी टिकली.

मी एकदा वेंगुर्ल्याच्या एका काकूंबरोबर तिथे गेलो होतो. देवळाच्या बाहेर पापडाच्या दुकानात दोन बायका आपसात बोलत होत्या. काकू थबकल्या, कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग सरळ मालवणीत विचारत्या झाल्या की तुमचं मूळ गाव कुठलं. थोडे शब्द अडखळले, बाकीचे गेले. त्यातल्या थोरल्या बाईंनी गोव्यातल्या आपल्या कुलदेवतेचं नाव सांगितलं. त्या गोव्याला आयुष्यात एकदाच, दर्शनापुरत्या जाऊन आलेल्या. नाव मात्र घराण्याने इतक्या पिढ्या सांभाळलेलं. काकूंनी मसाल्याच्या दुकानात दमडी खर्च केली नव्हती, इथे पापडांची अख्खी पिशवी भरून घेतली.

आता हॉर्टस मलाबारिकस. मट्टंचेरीची फेरी मारणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे नाव सांगितलंच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. मलबारचा डच कमांडर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने इथल्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले, सातशेहून जास्त वनस्पती, पानभर चित्रं. पुढे लिनिअसने आपल्या कामात याचा आधार घेतला. व्हान ऱ्हेडेला यातलं औषधपाण्याचं ज्ञान कुणी दिलं? इट्टी अच्युदन या इळवा समाजातल्या वैद्याने, आणि तीन कोकणी पंडितांनी: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय. भाषा कोकणी, अक्षर नागरी.

ते पान बघताना अंगावर काटा येतो. गोव्यात १६१६ला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेसुद्धा रोमन लिपीत. त्यानंतर बासष्ट वर्षांनी युरोपात छापलेल्या एका लॅटिन ग्रंथात आपली अक्षरं शिरोरेघेसकट उमटली, आणि ती लिहिणारे हात कोचीतल्या निर्वासितांच्या वस्तीतले होते. चित्रांच्या कोपऱ्यातही झाडांची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. हा ग्रंथ तीनशे वर्षं लॅटिनमध्ये अडकून पडला होता. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. एस. मणिलाल यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, त्यातल्या वनस्पती केरळभर हिंडून पुन्हा शोधून काढल्या आणि २००३ला केरळ विद्यापीठाने त्यांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. मागाहून मल्याळमही आलं. मराठीत बारा खंड कुणी आणेल अशी आशा मी धरत नाही, पण त्या एका पानाची छायाप्रत लॅमिनेट करून गाडीत फिरवायला किती खर्च येईल?

अजून बरंच आहे. वेली भागातल्या धोबीखान्यात तमिळ वण्णान कुटुंबं पिढ्यानपिढ्या कपडे धुतायत. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन पेडी पिळाच्या दोरात कपड्याचं टोक खोचायचं, वारा कितीही सुटो, कपडा हलत नाही. गुजराती शाळा आहे, जैन देऊळ आहे, कच्छी मेमण आहेत, दखनी बोलणारे मुसलमान आहेत. १६५३ साली पोर्तुगीज पाद्र्यांचं वर्चस्व झुगारून देताना ख्रिस्ती लोकांनी ज्या क्रूसाला दोर बांधून शपथ घेतली, तो कूनन क्रूसही मट्टंचेरीचाच. सगळं काही चौरस किलोमीटरांत. मुन्नारच्या रस्त्यावर फोटोसाठी जितके थांबे होतात, तितक्याच थांब्यांत हे होऊन जाईल.

तेव्हा करायचं काय? कोचीला एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री मागा. तो दिवस शनिवार नको, सिनेगॉग बंद असतं. शुक्रवारही नको, राजवाडा बंद असतो. मुक्काम एर्नाकुलमला असेल तर सकाळी सरकारी बोटीने फोर्ट कोचीला जा, तिकीट किरकोळ आहे आणि बंदर पाण्यावरूनच कळतं. गाडीला मागून येऊ द्या, गुडघ्यांसाठी ती लागेलच. दुपार चेरलाईसाठी ठेवा. आणि गाइड मट्टंचेरीत राहणारा मागा. तिथल्या कोकणी घरातला मिळाला तर दुभाष्याचीही गरज पडणार नाही, थोडं सावकाश बोललं की झालं. त्याचे पैसे दुकानातून नकोत, तुमच्या बिलातून जाऊ देत. मुन्नारचा एखादा पॉइंट आणि तिथलं बोटिंग कमी करून हे सहज बसतं.

पैसे भरण्याआधी कंपनीला फोन लावा आणि एवढंच विचारा: चेरलाईला गाडी थांबते का? ‘तिथे बघण्यासारखं काही नाही’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या कंपनीला फोन करा.