बर्फी, टिकली आणि शंकरपाळी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या खांबावर, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, एक खोक पडली आहे. एवढ्या उंचीवर कुठली गाडी धडकणार, असा प्रश्न प्रत्येक नव्या भाडेकरूला पडतो. तो वॉचमनला विचारतो आणि वॉचमन न बोलता माझ्या खिडकीकडे बोट दाखवतो. त्या खांबावर माझं पहिलं लाटणं धडकलं होतं. खरं तर तेव्हा ते लाटणं झालेलं नव्हतं. सुबाभळीचा ओंडकाच होता तो, आणि लाटणं होण्यापेक्षा त्याला विमान होणं पसंत पडलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी करावं म्हणतात. मी लेथ घेतला. लोखंडाचा नव्हे, लाकूड कातायचा, छोटा, टेबलावर बसणारा, आणि तो टेबलासकट पार्किंगमध्ये मांडला. घरच्या मंडळींना वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. पण हिचं माहेर सावंतवाडीचं, चितारआळीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी हिच्याकडे लाकडी फळांची परडी होती, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. त्यातल्या आंब्याला एका पाहुण्याने नाकाशी नेऊन वास घेतला होता, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. कातकामाचा विचार केला तर मी सासुरवाडी साफ चुकीची निवडली. हिला पहिलं लाटणं दाखवणं म्हणजे हलवायाच्या घरी स्वतःच्या हातचा लाडू घेऊन जाणं.

सुरुवात मी पारंपरिक पटाश्यांनी केली. एक गोल, एक तिरकी. गोल पटाशीने लाकूड उतरवायचं, तिरकीने गुळगुळीत करायचं, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोघींना धार लावायची. या शेवटच्या कलमात मी अडकलो. ग्राइंडरवर पटाशी धरली की कधी कोन बदले, कधी टोक निळं पडे. निळं पडलं म्हणून पुन्हा घासायचं, घासलं म्हणून पुन्हा निळं. पेन्सिलीला टोक काढता काढता पेन्सिलच संपवणारं पोर प्रत्येक वर्गात असतं, ते आमच्या वर्गात मीच होतो. महिन्याभरात गोल पटाशी इंचभर आखूड झाली. लाकूड तेवढं कातून झालेलं नव्हतं.

अशा वेळी दुकानदाराने कार्बाइडच्या टिपांची हत्यारं दाखवली. एक जाड पोलादी दांडी, पुढच्या टोकाला नखाएवढा तुकडा आणि तो धरून ठेवणारा एक स्क्रू. तुकड्याची धार गेली की स्क्रू सैल करायचा, तुकडा थोडा फिरवायचा, आवळायचा. झाली नवी धार! "धार लावायचीच नाही," असं तो म्हणाला आणि मी किंमत न विचारता पिशवी पुढे केली.

हा तुकडा म्हणजे टंगस्टन कार्बाइडची भुकटी आणि कोबाल्ट एकत्र दाबून सुमारे १४०० अंशांवर भाजलेली वडी. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या क्रुप कंपनीने ती 'विडिया' नावाने बाजारात आणली. विडिया म्हणजे जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखा'. कंपनीचं नाव मागे पडलं, पण आपल्याकडच्या वर्कशॉपांत आजही टर्नर मंडळी कार्बाइडला विडियाच म्हणतात. मला हे सगळं पाठ होतं. हत्यार कसं धरायचं, तेवढं सोडून.

टिपा तीन आकारांच्या असतात: चौकोनी ओबड लाकूड उतरवायला, गोल वळणं काढायला, चौकटच्या इक्क्यासारखी बारीक खाचांना. हिने डबी उघडून पाहिली आणि म्हणाली, "अय्या, बर्फी, टिकली आणि शंकरपाळी." त्या दिवसापासून ही हत्यारं आमच्याकडे याच नावांनी ओळखली जातात. मीही दुकानात एकदा "दोन बर्फ्या द्या" म्हणून बसलो.

आता त्या खांबाकडे येऊ. लेथ किती वेगाने फिरवावा याचा एक ठोकताळा आहे. लाकडाचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं. उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं. मी जन्मभर व्याजाचे हिशेब केलेला माणूस. लाटणं दोन इंची, म्हणजे ३००० ते ४५०० फेऱ्या. सुवर्णमध्य म्हणून ३५०० काढल्या. हिशेब बिनचूक होता. फक्त दोन इंची लाटणं अजून ओंडक्याच्या पोटात होतं आणि लेथवर चढवला होता तो चार इंची, एका बाजूला पोट सुटलेला ओंडका. पुढे येणाऱ्या ठेवीवर आजच कर्ज दिलं, तर शाखाधिकाऱ्याचं काय होतं ते मला माहीत होतं. लेथवरही तेच होतं.

बटण दाबताच लेथ थरथरला आणि टेबलासकट दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या स्कूटरकडे चालू लागला. शहाण्या माणसाने बटण बंद केलं असतं. मी बर्फी उचलली.

कार्बाइडचं हत्यार सपाट धरायचं असतं. दांडी जमिनीला समांतर, धार लाकडाच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, हत्यार टेकवायची पट्टी, म्हणजे टूल रेस्ट, लाकडाच्या अगदी जवळ. हळूहळू पुढे सरकवायचं, बस. गोल पटाशीचं वेगळं. तिची मूठ खाली दाबून पाठ लाकडावर टेकवायची आणि मग धार बसवायची. महिनाभर पटाशी बिघडवताना एवढी एकच गोष्ट माझ्या हाताला नीट शिकता आली होती. हाताने इमानेइतबारे मूठ खाली दाबली, बर्फीचं तोंड वर झालं आणि तिचा कोपरा लाकडात घुसला.

"ठाप" असा आवाज झाला आणि ओंडका माझ्या उजव्या कानावरून गेला. चेहऱ्यावर घालायची पारदर्शक ढाल मी त्याच तिसऱ्या खांबाला टांगून ठेवली होती, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढता. ओंडका तिच्यापासून वीतभर अंतरावर आदळला. वॉचमन धावत आला, खांब पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथे रात्री झाला असता आवाज, तर मी पोलीस बोलावले असते."

त्यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे हळू झालो. ६०० फेऱ्या, दांडी समांतर, ढाल तोंडावर. बर्फीने ओंडका गोल केला, टिकलीने मधली फुगार काढली. पण लाटण्यावर हात फिरवला तर फणसाची साल! मी टिकली धरत होतो त्या सपाट पद्धतीने ती लाकूड कापत नाही, खरवडते. तिरक्या पटाशीने निघतो तसा लांब, पातळ कीस निघत नाही, भुसा निघतो आणि लाकडाचे तंतू उभे राहतात. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून ४०० पर्यंत घासत बसायचं. छंद म्हणून कातकाम घेतलं आणि पदरी घासकाम आलं.

तरी म्हटलं, टिकली बोथट झाली असेल. फिरवू. स्क्रू सैल केला आणि तो उडाला. त्याच्यामागोमाग टिकलीही गेली. समोर गोणीभर भुसा. मी फ्रिजवरचा गणपतीचा लोहचुंबक आणला. स्क्रू आला, कोबाल्टच्या कृपेने बर्फीही चिकटते हे आधी पाहून ठेवलं होतं, पण टिकली काही येईना. शेवटी चाळणी आणली आणि मांडी घालून भुसा चाळायला बसलो. चौथ्या चाळणीला माझ्यावर सावली पडली.

"ती पिठाची चाळणी आहे," ही म्हणाली.

"हो."

"आणि टिकली तुमच्या चपलेखाली आहे."

पाय उचलला. होती. हिऱ्यासारखी कठीण ती टिकली फरशीवर पडून कडेला टवका उडवून बसली होती. कठीण वस्तू ठिसूळही असते, हे क्रुपवाल्यांनी नावात कुठे सांगितलं नाही.

मे महिन्यात सावंतवाडीला गेलो तेव्हा मेव्हण्याने मला त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कातारी आजोबांकडे नेलं. लाकडाच्या वासाने भरलेल्या एका हॉलमध्ये, जुन्या मोटरवर चालणाऱ्या लेथपुढे ते बसले होते. मी बर्फी पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ही विडिया न्हय? ही लोखंडाक. लाकडाक कित्याक?"

मी समजावलं. त्यांनी दांडी धरली. कुणी न सांगता ती समांतरच धरली गेली. दोन-तीन हलके हात फिरले, आवाजावर कान ठेवून त्यांनी बोट थोडं सरकवलं, आणि लेथवरच्या खुंटावर माझ्या ४०० नंबरच्या पेपरला जमला नव्हता असा तुळतुळीतपणा आला. हत्यार मला परत देत ते म्हणाले, "बरी आसा. पण हिका धार कशी लावतास?"

"लावायचीच नाही, आजोबा. नुसती फिरवायची."

"मगे तुमी करतास काय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मेव्हणा बाहेर जाऊन हसून आला.

लाटणं अखेर झालं. चौथ्या ओंडक्यातून, गौरी-गणपतीच्या आधी. मी ते तेल लावून हिच्या हाती दिलं. लाकूड ओलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वार्षिक वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे. दिवाळीपर्यंत लाटण्याचा गोल जाऊन लंबगोल झाला. पोळी एकीकडे कागद, एकीकडे भाकरी, आणि मध्ये लाटा. हिने दोन पोळ्या केल्या, तिसऱ्याला आईचं जुनं लाटणं काढलं.

माझं मात्र ओट्यावरच ठेवलंय. परवा शेजारीण कौतुकाने विचारत होती, यांनी केलेलं कसं आहे म्हणून. मी पडद्याआड कान देऊन उभा.

"छान आहे," ही म्हणाली. "आईचं सारखं ओट्यावरून गडगडत खाली पडतं. हे नाही पडत. कितीही ढकला, जागचं हलत नाही."