जंक्शनवरचं परीक्षक मंडळ

कुर्डुवाडी जंक्शनबाहेरच्या टपरीवर, गाडी लेट असली की सिनेमा, संगीत आणि चहा या तिन्ही विषयांचा अंतिम निकाल लागतो. रेल्वेने ही सोय अजून वेळापत्रकात का छापली नाही, कळत नाही. 2016 च्या 'सैराट'चा दिग्दर्शक शेजारच्या करमाळा तालुक्यातला, बरंचसं शूटिंगही तिकडचंच. त्यामुळे सिनेमा न बघता मत द्यायचा हक्क पंचक्रोशीला आपोआप मिळतो. संगीतकार अजय-अतुलनी त्याचा वाद्यमेळ थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केला. "एवढ्या लांब कशाला? आपल्या बँडवाल्याला सांगायचं की," हा निवाडा चहा बशीत ओतता ओतता झाला, फुंकर मारेपर्यंत अपीलही फेटाळलं गेलं.

बघितल्याने मत गढूळ होतं, हे तत्त्व आता सरकारनेही स्वीकारावं. पुरस्कारांच्या परीक्षकांना सिनेमा दाखवणं बंद करावं, खर्च वाचेल. गाडी तेवढी लेट ठेवावी.

चहाबाबत मात्र मंडळ कायम एकमुखी: फक्कड! आलं नसो, साखर दुप्पट पडो, फक्कडच. उधारीची वही टपरीवाल्याने तिथेच खिळ्याला टांगलीय. मंडळाच्या सगळ्या सभासदांची नावं तिच्यात आहेत.