घर्षण नाही असे समजा

विज्ञानाच्या पुस्तकातलं मला मनापासून आवडलेलं वाक्य एकच: ‘घर्षण नाही असे समजा.’ केवढा दिलदारपणा! आमच्या सोसायटीच्या सभेच्या अजेंड्यावर पहिलं कलम म्हणून हे वाक्य घालावं, असं मला फार वाटतं.

परवा पुण्याहून मुंबईला निघालो, तेव्हा भाची बरोबर होती. नववीतली. मांडीवर ‘कार्य आणि ऊर्जा’चा धडा उघडा, हातात चिक्की. लोणावळा सुटलं आणि तिनं विचारलं, “मामा, घर्षणच नसतं तर ही गाडी कर्जतला किती स्पीडनं पोचली असती?”

मी वेळ काढायला चिक्कीचा तुकडा मोडून घेतला. पण हिशेब सोपा आहे. लोणावळ्यापासून कर्जत साधारण साडेपाचशे मीटर खाली. वर उभ्या गाडीच्या नावावर जी स्थितिज ऊर्जा जमा, ती खाली येईस्तोवर सगळी गतिज खात्यात वळती व्हायची. एक पै इकडची तिकडे नाही. उंचीला ९.८ नं गुणायचं, दुप्पट करायची, वर्गमूळ काढायचं. ताशी सुमारे ३७० किलोमीटर. बोगदे किती, वळणं किती, हे कुणी विचारत नाही.

“आणि सामान जास्त असेल तर?”

“काही फरक नाही. वस्तुमान दोन्हीकडून कटतं.”

समोर तीन बॅगा घेऊन बसलेल्या काकूंनी समाधानानं मान डोलावली.

“मग वडा घ्यायला उतरायचं कसं?”

“उतरायचंच नाही. गाडी थांबायला पलीकडे तेवढाच उंच डोंगर हवा. त्यावर टेकली न टेकली की उलटी निघणार, थेट लोणावळ्याला. मग परत खाली. झोपाळाच म्हण ना.”

तेवढ्यात गाडी घाटात मध्येच थांबली. उतरणाऱ्या गाडीला इथे थांबून दाखवावंच लागतं. ब्रेक शाबूत आहेत असं पटलं, की मगच सांधा मुख्य रुळाला जुळतो. तोवर तो असतो कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर नेणाऱ्या फाट्याकडे. उधळलेली गाडी त्यावर चढते आणि तिच्या वेगाची पुन्हा उंची होते. भाचीच्या पुस्तकातली आकृती रेल्वेनं खडी टाकून बांधून ठेवली आहे.

गाडी हलली तसा खिडकीतून ब्रेक तापल्याचा करपट वास आला. भाचीनं नाक मुरडलं. पण हिशेबातली हरवलेली ऊर्जा ती हीच. हजार टनांची गाडी धरली, तर घाट उतरताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात सतरा हजार लिटर पाण्याला उकळी येईल. विजेची इंजिनं त्यातली थोडी वरच्या तारेत परत पाठवतात, ते सोडा. एवढा चहा वाया जातो म्हटल्यावर काकू हळहळल्या.

कर्जत आलं. पलीकडे पुण्याच्या गाडीला मागून ढकलायची इंजिनं जोडत होते. वड्याचा कागद सोडत भाची म्हणाली, “पण मामा, घर्षण नसतं तर आपली गाडी मुळात वर चढलीच कशी असती? चाकं जागच्या जागी फिरली असती की.”

मी घाईनं अख्खा वडा तोंडात कोंबला. चांगला चटका बसण्याइतका गरम होता, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ टळली.