बसून पाहायचा मनोरा

उंचावर चढून खाली बघण्याची हौस पुण्याला जुनी. शनिवारवाड्याच्या सातव्या मजल्यावरच्या मेघडंबरीतून आळंदीचा कळस दिसे, असं सांगतात. मेघडंबरी केव्हाच गेली. कळस जागेवर आहे, पण मध्ये इतकं काही उभं राहिलंय की आज तो शोधायला पेशव्यांना एक स्वतंत्र कारकून ठेवावा लागला असता. पुढे पर्वतीवरून दुसऱ्या बाजीरावांनी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई पाहिली. आपलं राज्य हातचं निसटताना इतक्या प्रशस्त जागेवरून बघायला मिळणं, हा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो.

आमच्या बावधनलाही ही हौस आहे. (बगाडाचं बावधन ते वाईजवळचं. आमच्याकडे बगाड नाही, चांदणी चौक आहे.) २०२२च्या २ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथला जुना पूल स्फोटकं लावून पाडायचं ठरलं, तेव्हा लोक चहाचे थर्मास घेऊन गच्चीवर जमले होते. बार झाला, धुरळा उठला, धुरळा बसला आणि पूल बराचसा होता तिथेच. उरलेला पोकलेनने पाडावा लागला. गच्चीवरची मंडळी मात्र नाराज नव्हती. सरकारी बांधकाम इतकं पक्कं निघावं, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला असावा. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे नवा चौक खुला झाला. वळणावर वळण, रॅम्पवर रॅम्प. मोटारीला कुठूनही कुठेही अलगद चढता-उतरता येतं. पायी चालणाऱ्याचा विचार मागाहून झाला. मोटारीचेच गुडघे दुखत असल्यासारखी आपण तिची काळजी घेतो.

गुडघ्यांचा विषय आमच्या घरात आला तो भाचीमुळे. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने प्रकल्प घेतलाय बावधनच्या टेकडीकाठी निरीक्षण मनोऱ्याचा: सर्वांना चढता येईल असा, आणि इथला निसर्ग व इतिहास ज्यात उमटेल असा. सल्लागार म्हणून तिने माझ्या आईला नेमलं. आईकडे व्हीलचेअर आहे आणि मतं आहेत. दोन्हींना जागा भरपूर लागते.

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात अडलं. इथला निसर्ग म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला, मुळातच पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. भूगोलाशी इमान राखायचं तर जिना बांधावा, आणि आजीशी राखायचं तर एकही पायरी नको. इतिहासाची तर त्याहून पंचाईत. आपला अभिमानाचा सगळा इतिहास दुर्गमतेचा. किल्ल्याचा दरवाजा चटकन सापडू नये, सापडलाच तर समोरून येता येऊ नये, आलंच कोणी तर वरून दगड लोटता यावेत, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या डोकी खपली. त्या वारशातून ‘या, बसा, वर चला’ म्हणणारा मनोरा कसा निघायचा? भाचीने बुरुजाची बरीच चित्रं काढली. आईने चष्मा पुसून एकेक पाहिलं आणि विचारलं, “यात मला आत घ्यायचंय का बाहेर ठेवायचंय?”

उत्तर शेवटी सह्याद्रीनेच दिलं. याच डोंगरात किल्ल्यांइतकेच जुने घाट आहेत. कोकणातून मीठ घेऊन वर येणाऱ्या बैलांना कोणी शौर्य विचारत नव्हतं. त्यांच्या खुरांना झेपेल असा चढ, दम लागला की सपाटी, मग पुन्हा वळण. घाटाच्या नावाने पोवाडे नाहीत, पण देश आणि कोकण एकमेकांना धरून राहिले ते या वळणांमुळे. भाचीने बुरूज बाजूला ठेवला आणि कागदावर घाट गुंडाळायला घेतला.

मग हिशेब आला. सुगम बांधकामाच्या नियमाप्रमाणे रॅम्पचा चढ एकास बारा, म्हणजे मीटरभर वर जायला बारा मीटर पुढे जायचं. आणि दर ७५ सेंटिमीटर उंचीला एक सपाट विसावा. मनोरा नऊ मीटरांचा, म्हणजे चढण १०८ मीटरांची आणि वाटेत अकरा विसावे. नऊ मीटर म्हणजे जेमतेम तीन मजले. बावधनमध्ये एवढ्या उंचीवरून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले टॉवेल तेवढे दिसतात, म्हणून जागा टेकडीकाठची. लिफ्ट का नको, हे मी विचारून पाहिलं. “मामा, लाईट गेली की आजी वर आणि आपण खाली,” एवढ्यावर तो विषय संपला.

रॅम्पचा मनोरा ही काही नवी टूम नाही. कोपनहेगनला १६४२ साली पुरा झालेला गोल मनोरा आहे. आतून साडेसात वेढ्यांची फरसबंद वाट, २०० मीटरांहून लांब, वर वेधशाळा. १७१६मध्ये रशियाचा झार पीटर त्या वाटेने घोड्यावर बसून माथ्यापर्यंत गेला म्हणतात. आईला ही गोष्ट फार आवडली. बसून वर जाण्यात कमीपणा नाही, याला प्रत्यक्ष झारची साक्ष मिळाली.

पण मला या मनोऱ्यात खरी मौज वाटते ती विसाव्यांची. जिन्याने धापा टाकत चढणारा माणूस वाटेत काही बघत नाही. तो पायऱ्या मोजतो आणि वर पोचल्यावर फोटो काढतो. इथे पहिल्या विसाव्यावर कडुनिंबाचं खोड, तिसऱ्यावर फांद्या, पाचव्यावर शेंडा आणि कदाचित कावळ्याच्या घरट्याचा आतला भाग, जो कावळ्याला मुळीच आवडणार नाही. सातव्यापासून खालची रामनदी दिसू लागते. तिला अनेकजण नाला समजतात; एवढ्या उंचीवरून तिची वळणं दिसली की नदी म्हणायला जीभ धजावते. म्हणजे माथा गाठला नाही तरी कोणी रिकाम्या डोळ्यांनी परतणार नाही.

एका दुपारी भाची टेप घेऊन आली आणि तिने खुर्चीत बसलेल्या आईचा डोळा जमिनीपासून मोजला. आई पाठ ताठ करून, फोटोला बसावं तशी बसली. “बाहुली मोजतेस की पापणी?” तिने विचारलं. आकडा एकशे बाराचा आला. माथ्यावरचा भरीव कठडा भाचीने एकशे दहाचा काढला होता. म्हणजे १०८ मीटर ढकलत नेऊन आईला जे दिसलं असतं ते आभाळ, आणि त्याखाली सिमेंट. लहान पोरांना तर नुसतं सिमेंट. आता कठड्याला उभ्या गजांची फट आहे आणि आधाराचे दांडे दोन उंचींवर, नव्वदला आणि शहात्तरला. खालचा दांडा कोणासाठी, असं आईने विचारलं नाही. तिने हात पुढे करून हवेतच तो धरून पाहिला.

ज्यांना दिसतच नाही त्यांचं काय, हा प्रश्न तिचाच. त्यातून माथ्यावरचा काळ्या दगडाचा नकाशा आला: बोटांनी चाचपायचे डोंगर, दक्षिणेला सिंहगडाची धार, पूर्वेला वेताळ टेकडीचा उंचवटा, रामनदीची खाच, शेजारी ब्रेलमध्ये नावं. पश्चिमेला मुळशी. “ती दिसेल का गं?” आईने विचारलं. तिचे वडील मुळशी खोऱ्यातल्या, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातले. १९२१च्या रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तो लढवला, आणि तरीही धरण झालंच. भाची म्हणाली, “नाही आजी, मध्ये डोंगर येतात.” आई म्हणाली, “मग दगडात कर. तिथे जरा खोल कर, पाणी साचू दे पावसाचं.” आता नकाशात पश्चिमेला वाटीएवढा खळगा आहे. आराखड्याच्या भाषेत त्याचं प्रयोजन लिहिता येत नाही, म्हणून भाचीने तिथे ‘पक्ष्यांसाठी पाणी’ असं लिहून ठेवलंय.

परवा तिने पूर्ण मॉडेल आणून टेबलावर ठेवलं. पुठ्ठ्याचा घाट, अकरा विसावे, स्पंजची झाडं, माथ्यावर दोन खुर्च्या. आईने ते फिरवून फिरवून पाहिलं, कौतुक केलं, आणि मग म्हणाली, “सगळं झकास आहे. बाथरूम कुठाय?” भाची माझ्याकडे बघायला लागली. “अगं, माझ्या वयाची माणसं वर जायला तास लावणार, तास बसणार आणि उतरायला पुन्हा तास. डोंगर नंतर सुचतात.” भाचीने मुकाट्याने लॅपटॉप उघडला. त्यापायी मनोरा तळाशी सव्वादोन मीटरांनी फुगला आहे, त्याचा डौल गेला असं तिचं म्हणणं आहे, आणि आता कुठे तो बांधण्यासारखा दिसायला लागला, असं आईचं.