पर्यायपंतांच्या कष्टांचं चीज

टूर कंपनीच्या झेंड्यामागे धावत एकदा युरोप उरकलेला मराठी माणूस दुसऱ्या खेपेला आपलं आपण जायचं ठरवतो, आणि तिथून त्याचा पर्यायपंत व्हायला सुरुवात होते. पहिल्या खेपेला त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. पहाटे उठवलं, बसमध्ये कोंबलं, संध्याकाळी कुठल्याशा तळघरात दाल फ्राय वाढली. त्याचा वचपा तो आता काढतो. यंदा फक्त स्पेन. त्यातही खेडी. माद्रिदहून एक अख्खा दिवस काढायचा, एखाद्या मेंढपाळाच्या शेतावर जायचं, चीज कसं करतात ते बघायचं आणि तिथेच बसून चाखायचं. कल्पना उत्तम असते. पंतांच्या कल्पना नेहमीच उत्तम असतात. स्पेनमध्ये चीज करणारी गावं पुष्कळ आहेत, एवढीच काय ती अडचण.

पंत साधारण पंचावन्नचे. बँकेतून नाहीतर एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतून मुदतीआधीच सुखाने निवृत्त झालेले. गळ्यात दोरीला वाचायचा चष्मा, खिशात पॉवर बँक. घरात काहीही घ्यायचं झालं तरी त्यांचा तक्ता आधी होतो, वस्तू मागून येते. त्यांच्या फ्रिजचा तक्ता पुरा झाला तेव्हा उन्हाळा संपला होता. ‘माठाचंच पाणी चांगलं असतं,’ असं वहिनींनी त्या वर्षी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बाईमाणसाला असला युक्तिवाद आपोआप सुचतो.

चीजचा तक्ता मांचेगोपासून सुरू झाला. तिथेच संपला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. मांचेगो ला मांचाचं, आणि ला मांचा म्हणजे ‘डॉन किखोते’ कादंबरीच्या नायकाचा मुलूख. माद्रिदच्या दक्षिणेला कोरडं पठार, त्यावर पवनचक्क्या आणि मेंढ्या. तोलेदो, सिउदाद रेआल, कुएन्का आणि आल्बासेते या चार प्रांतांतल्या ठरवून दिलेल्या भागात, मांचेगा जातीच्याच मेंढीच्या दुधाचं केलेलं असेल तरच त्याला मांचेगो म्हणता येतं. माद्रिदहून तोलेदोला वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोचवते. पुढे भाड्याची मोटार घेतली की काम फत्ते. शहाण्या माणसाने इथे पैसे भरून झोपावं. पंत झोपले नाहीत. ‘पहिलंच स्थळ कसं पसंत करायचं?’ हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. (वहिनी त्यांना दाखवलेलं कितवं स्थळ, हे आम्ही विचारलेलं नाही.)

मग त्यांना काब्रालेस भेटलं. हे उत्तरेला, अस्तुरियासच्या डोंगरांत. पिकोस दे एउरोपाच्या नैसर्गिक गुहांमध्ये ठेवून पिकवलेलं, आत निळी-हिरवी बुरशी धरलेलं. २०२३ साली तिथल्या स्पर्धेत पहिलं आलेलं दोन किलोंच्या वरचं एक काब्रालेस लिलावात ३०,००० युरोंना गेलं, हे वाचल्यावर पंतांनी रात्री साडेअकराला आम्हाला फोन करून त्याचे रुपये सांगितले. पंचवीस लाखांच्या वर. ‘म्हणजे त्यात काहीतरी असेल ना?’ असं ते म्हणाले. त्यात बुरशी असते, हे मी म्हणालो नाही. पुढच्या आठवड्यात मेनोर्का बेटावरचं, कडेला तेल आणि लाल मिरचीपूड चोळलेलं चौकोनी माओन आलं. नंतर फुएर्तेव्हेंतुरावरचं शेळीच्या दुधाचं माहोरेरो आलं. ते बेट माद्रिदपेक्षा आफ्रिकेला कितीतरी जवळ आहे. ‘एका दिवसात जाऊन येऊ’ ही मूळ अट तक्त्यात वर कुठेतरी होती, पण तक्ता आता इतका रुंद झाला होता की ती दिसायची नाही.

बास्क प्रांतातल्या इदियाझाबालने मात्र पंतांना खरंच शहाणं केलं, आणि त्यांच्यामुळे आम्हालाही. हे चीज लाचा आणि कारान्साना या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचं. पूर्वी ते मेंढपाळांच्या झोपड्यांत चुलीच्या धुराखाली ठेवलेलं असायचं म्हणून त्याला धुराचा वास लागायचा. आजही काही जण ते मुद्दाम धुरावतात. पंतांचा बेत दिवाळीच्या सुट्टीचा होता. लाचा मेंढी हिवाळ्यात विते आणि साधारण उन्हाळा लागेपर्यंत दूध देते. मग ती डोंगरावर चरायला जाते आणि दुधाला सुट्टी. दिवाळीत तिथे गेलं तर मेंढी दिसेल, चीज दिसेल, पण चीज करताना कुणी दिसणार नाही. मे महिन्यात गेलं तर सगळं दिसेल. हे एवढं सोन्यासारखं ज्ञान पंतांनी कुठल्या रकान्यात ठेवलं? ‘इतर’. त्याच्या आधी ‘वाहनतळाची सोय’ आणि ‘शौचालय (पाश्चात्त्य)’ हे रकाने होते.

बेत मग मे महिन्यावर गेला. तो मेंढीमुळे गेला असं पंत सांगतात. खरं म्हणजे विमानाची तिकिटं दिवाळीपर्यंत ठरलीच नव्हती.

पंतांची लोकशाहीवर श्रद्धा आहे. तक्ता व्हॉट्सअॅपवर यायचा, त्याखाली मतदान यायचं. त्यांचा मेहुणा दर वेळी ‘कुठेही चालेल’ असं लिहायचा, आणि ते वाक्य पंतांच्या काळजात घुसायचं. कुठेही चालणारा माणूस हा त्यांच्या लेखी समाजाचा शत्रू. या मेहुण्याला परदेशात उजव्या बाजूने मोटार चालवता येते, एवढ्याच गुणावर त्याला यादीत ठेवलेलं होतं.

सगळं जवळजवळ ठरत आलं आणि रेनेट उगवलं. दुधाचं चीज व्हायला ते आधी गोठावं लागतं, आणि स्पेनमधल्या जुन्या पद्धतीच्या मेंढीच्या चीजमध्ये त्यासाठी बहुधा कोकराच्या जठरातून काढलेलं रेनेट घालतात. आपल्याकडे कायद्याने चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट चालत नाही, त्यामुळे आपल्या शाकाहारी मंडळींच्या डोक्यात ही शंकाच कधी आलेली नसते. वहिनींच्या मावशी बरोबर येणार होत्या. मावशी माळकरी. पंतांनी ही बातमी त्यांना फार गंभीर आवाजात दिली. मावशी म्हणाल्या, ‘मग मी नाही खायची. त्यात काय एवढं? तुम्ही खा, मी मेंढ्या बघते.’

विषय मिटला होता. पण असा मिटलेला विषय पंतांना सोसत नाही. दोन रात्री जागून त्यांनी एक्स्त्रेमादुरातलं तोर्ता देल कासार शोधून काढलं. कासेरेसच्या परिसरातलं हे मेंढीचंच चीज, पण ते गोठवतात रानटी काट्याच्या फुलांनी. आर्टिचोकच्या भाऊबंदांतली ही झाडं. वाळवलेली फुलं पाण्यात भिजवायची आणि ते पाणी दुधात घालायचं. चीज इतकं मऊ होतं की वरचं टोपण कापायचं आणि आतला गर पावाच्या तुकड्याने पुसून खायचा. कोकरू नाही, जठर नाही, माळेला धक्का नाही. मी मनापासून सांगतो, हा शोध दाद देण्यासारखा होता. पंतांसारखी माणसं चिवटपणा करतात म्हणूनच असल्या गोष्टी आपल्याला फुकटात कळतात. पण ते सापडल्यावर पंतांनी काय करावं? त्याच्यासमोर लिहिलं, ‘कासेरेस : माद्रिदहून लांब पडतं’, आणि ते पुन्हा मांचेगोकडे वळले.

असे आम्ही अखेर तोलेदो प्रांतातल्या एका शेतावर पोचलो. शेताला पंतांनी दोन पानी ईमेल लिहिला होता. उत्तर एका ओळीचं आलं : हो, या, सकाळी दहा किंवा दुपारी साडेबारा. एवढं आखूड उत्तर पाहून पंतांना संशय आला. अशा शेतांवर ईमेलला उत्तर देणारी बाई, मेंढ्यांची धार काढणारी बाई आणि तुम्हाला चीज चाखायला देणारी बाई बहुतेक एकच असते, हे त्यांच्या ध्यानात येईना. त्यांनी साडेबाराची वेळ घेतली, कारण हॉटेलचा नाश्ता भाड्यात होता आणि तो दहा वाजेपर्यंत चालू असे.

मोटारीत पंतांच्या दोन्ही हातांत दोन फोन, दोन वेगळे नकाशे. दोन बायका दोन वेगळ्या दिशा सांगत होत्या. मेहुण्याने पाटी वाचली आणि वळला.

शेतावरच्या बाईंनी आम्हाला निळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या आणि बुटांवर चढवायच्या पिशव्या दिल्या. मावशींनी त्या सहावारी आणि स्पोर्ट्स शूजवर अशा सराईतपणे चढवल्या, जणू रोजच्याच. आत गेलो. समोर चकचकीत, धुऊन पुसून कोरडी केलेली रिकामी हौदी. दूध पहाटे निघतं, सकाळी कोमट करून त्याला रेनेट लावतात, दही लागलं की तारांच्या चौकटीने ते डाळीएवढ्या दाण्यांत कापतात, निवळी काढतात, साचे भरतात, आणि बारापर्यंत धुणंपुसणं आटोपतं. हे बाईंनी सांगितलं, फोनने मराठी केलं. पंत रिकाम्या हौदीत वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तक्त्यात अंतर होतं, दर होता, शौचालय होतं. ‘चीज किती वाजता करतात’ हा रकाना नव्हता.

दाबणीखाली सकाळचे साचे मात्र अजून होते. बाईंनी एक उघडून दाखवला. आतला गोळा चक्क्यासारखा पांढरा आणि गच्च, आणि त्याच्या कडेवर नागमोडी नक्षी उठलेली. पूर्वी एस्पार्तो गवताच्या विणलेल्या पट्ट्यांत चीज बांधायचे, त्या विणीचा हा ठसा. आता साचा प्लॅस्टिकचा आहे, पण वीण त्याच्या आतल्या बाजूला कोरून ठेवली आहे, कारण ही नक्षी नसेल तर गिऱ्हाईक त्याला मांचेगो मानत नाही. गोळ्याच्या माथ्यावर एक छोटी पातळ पट्टी चिकटलेली होती, तीवर क्रमांक. ती केसीनची, म्हणजे दुधातल्याच प्रथिनाची असते आणि सालात मिसळून जाते. प्रत्येक गोळ्याचा क्रमांक वेगळा. हे ऐकल्यावर पंतांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा फुलला. इतकं सगळं क्रमवार लावून ठेवणारं दुसरं कुणीतरी जगात होतं.

चाखायला तीन तुकडे आले : कोवळं, मधलं, जुनं. बरोबर पाव, ऑलिव्हचं तेल आणि मेम्ब्रीयो, म्हणजे एका आंबट फळाची घट्ट लाल वडी. कोवळ्यापासून जुन्याकडे जायचं असतं, नाहीतर जुन्याच्या तिखटपणापुढे कोवळं लागतच नाही. मेहुण्याने या क्रमाने तिन्ही खाल्ली आणि जुनं मागून घेतलं. वहिनींना मधलं आवडलं. मावशींनी पाव आणि मेम्ब्रीयो खाल्लं आणि बाहेर जाऊन मेंढ्यांत उभ्या राहिल्या. मांचेगा मेंढी पांढरी असते तशी काळीही असते, हे आम्हाला मावशींकडून कळलं.

पंतांनी मात्र कोवळ्यानंतर जुनं घेतलं, मग परत कोवळं, मग मधलं, मग पाणी, मग नव्याने सुरुवात. बाईंनी विचारलं, ‘कुठलं आवडलं?’ पंतांनी फोनमार्फत उलट विचारलं, ‘लोक जास्त कुठलं नेतात?’ बाई म्हणाल्या, ‘फ्रेंच लोक हे, माद्रिदचे लोक ते, माझा नवरा तिसरंच.’ पंत आणखी खोलात गेले. एक किलो चीजला मेंढीचं पाच-सहा लिटर दूध लागतं, तर मग या दराने परवडतं कसं? जुन्याचं वजन मुरताना घटतं, तर दर किलोवर लावायचा की गोळ्यावर? बाई सोशिक होत्या. पण स्पेनमध्ये दोनला दुकानं बंद होतात, आणि जेवणाच्या वेळेपुढे तिथे पाहुण्यांचा मान चालत नाही. दोन वाजता बाईंनी हसून हातपुसणं खांद्यावर टाकलं आणि काउंटरवरचा दिवा मालवला. मेहुण्याच्या पिशवीत अर्धा गोळा होता, वहिनींच्या पिशवीत पाऊण किलो. पंतांच्या हातात एक माहितीपत्रक होतं.

परतीच्या दिवशी माद्रिदच्या विमानतळावर शेवटची सूचना झाली तेव्हा पंत दुकानात होते. शेल्फवरचा हाताला लागला तो पहिला तुकडा त्यांनी उचलला, वजन पाहिलं नाही, दर पाहिला नाही, पैसे टाकले आणि धावत सुटले. घरी सगळ्यांना तो आवडला. ‘बघ, शोध घेतला की असं होतं,’ असं ते वहिनींना म्हणाल्याचं ऐकतो.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल-मे गाठा, सकाळची वेळ मागा, रेनेट कशाचं ते आधी विचारून घ्या, आणि खरेदी दोनच्या आत उरका. आणि तुमच्या ओळखीत पर्यायपंत असतील तर त्यांनाही जरूर न्या. फक्त पैसे भरून झाल्यावर सांगा.