‘ओपन’ कसे करावे? : चिनी विद्यार्थ्यांसाठी हमखास मार्गदर्शन

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या कॉलेज-प्रवेश परीक्षेत ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे, म्हणजे बहुतेकांना इंग्रजीचेच. ते एका क्रियापदापायी घालवू नयेत, म्हणून हा खटाटोप.

१. निदान : तुमच्याकडे एक क्रियापद आहे, उच्चार साधारण ‘खाय’, जेवणाशी संबंध नाही. त्याने दार उघडते, दिवा लागतो, गाडी चालते, बैठक भरते, फूल उमलते आणि पाणीही उकळते. त्याचा अर्थ ‘ओपन’ असा पाठ केला, की घात झालाच.

२. दिवा : ‘ओपन द लाइट’ म्हटलेत तर साहेब स्क्रूड्रायव्हर आणून देईल. ‘टर्न ऑन’ म्हणावे. बटण दाबायचे असते, फिरवायचे काहीच नसते, तरीही ‘टर्न’. कारण विचारू नये. दिवा ‘ओपन’ करून परीक्षेत दिवे लावू नयेत.

३. वाहने : मोटार ‘ड्राइव्ह’ करावी, विमान ‘फ्लाय’ करावे. ‘माझे काका विमान ओपन करतात’ हे वाक्य निदान विमानतळावर तरी उच्चारू नये.

४. बैठक : ‘ओपन’ चालते, पण पहिली दोन मिनिटेच. पुढचे तीन तास ती ‘होल्ड’ करावी लागते. बसणाऱ्यांना हे पटेल.

५. दार, दुकान, बँकेतले खाते : इथे बिनधास्त ‘ओपन’ करावे. इतके सगळे शिकलेला विद्यार्थी नेमका इथेच घाबरतो आणि दारही ‘टर्न ऑन’ करतो.

६. मराठी वाचकांस सूचना : हसू नये. आपण दार उघडतो आणि दिवा लावतो, एवढाच काय तो तोरा. रात्री झोपताना दार बंद, दिवा बंद, टीव्ही बंद, नळ बंद! ‘क्लोज द फॅन’ म्हणणारे आपल्या घरातही निघतील.

७. शेवटची टीप : या क्रियापदाच्या जुन्या चिनी अक्षरात दोन फळ्यांचे दार चितारलेले असे. १९५६च्या लिपी-सुलभीकरणात ते दार काढून टाकले. विरुद्धार्थी ‘बंद’च्या अक्षरातलेही गेले. आता चौकटच उरली नाही म्हटल्यावर क्रियापद दारापुरते कशाला थांबेल? इंग्रजांची दारे मात्र अजून शाबूत आहेत. प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि जुडगा तुम्हीच सांभाळायचा.