लिनक्स-प्रतिष्ठापनेचा यथासांग विधी

ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस तोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा आपल्याजवळ एटी पद्धतीचीच हार्ड डिस्क असल्यामुळे अन्य प्रकारच्या डिस्कवर ती बहुधा कधीच चालणार नाही, असेही त्याने प्रांजळपणे नमूद केले होते. या मूळ वचनावरून प्रतिष्ठापनेचा सर्वांत निर्दोष मार्ग सहज निष्पन्न होतो. ज्याला आपल्या लॅपटॉपचा प्रत्येक भाग चालावयास हवा असेल, त्याने त्या लॅपटॉपपुरता कर्नल, म्हणजे यंत्र आणि इतर सर्व प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा प्रणालीचा गाभा, स्वहस्ते लिहावा. नोकरी, संसार किंवा तत्सम व्यसनांमुळे ज्यांना हे शक्य नाही, अशा सामान्य साधकांसाठी पुढील गौण विधी सांगितला आहे.

साधकाने यंत्राच्या खोक्यावरील नावावर विसंबू नये, कारण कर्नल चिप ओळखतो, ब्रँड नव्हे. एकाच नावाच्या आणि एकाच रंगाच्या खोक्यातून कधी एक चिप निघते, तर कधी भलतीच, आणि या दोहोंतील भेद खोक्याच्या तळाशी बारकोडशेजारी ‘व्ही २’ अशा मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील विक्रेत्यास ‘हे लिनक्सला चालेल का’ असे विचारल्यास ‘सगळ्याला चालतं’ हे उत्तर मिळते. ते आशीर्वादपर मानावे, प्रमाण मानू नये. प्रमाण मानावे ते एलएसपीसीआय या आज्ञेस, आणि यूएसबीवरील उपकरणांसाठी एलएसयूएसबी या तिच्या भगिनीस. पहिलीला ‘-एनएन’ हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणाचा उत्पादक-क्रमांक दिसतो. त्यात इंटेलने स्वतःकडे ८०८६ हा क्रमांक, म्हणजे आपल्याच १९७८ सालच्या प्रोसेसरचे नाव, हौसेने ठेवून घेतला आहे. मात्र वाय-फायच्या ओळीत १४ई४ हा ब्रॉडकॉमचा क्रमांक दिसल्यास साधकाने आप्तेष्टांना आपण काही दिवस भेटणार नाही असे कळवून ठेवावे. कारण पुढे येईलच.

लिनक्सचा इन्स्टॉलर असलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर पडदा काळा राहिला, तर तो दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो. अशा वेळी आरंभीच्या यादीत कर्नलच्या ओळीपुढे ‘नोमोडसेट’ हा शब्द टंकावा. त्याने कर्नल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या भागाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, हात न लावता साध्यासुध्या चित्रावर भागवून घेतो. कार्ड एनव्हिडियाचे असल्यास, त्या कंपनीविषयी तोर्वाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात मधले बोट उंचावून केलेले भाष्य साधकाने अभ्यासावे; त्याचा अन्वयार्थ येथे देणे विषयमर्यादेत बसत नाही. कंपनीने कर्नलपुरता आपला ड्रायव्हर खुला केला तो २०२२ साली. तोवर पुष्कळ बोटे दमली होती. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांत, ती रेड पद्धतीवरून एएचसीआय पद्धतीवर न्यावी. त्याने त्याच डिस्कवरील विंडोज सुरू होईनासे होऊ शकते, ही बाब वैराग्याच्या दृष्टीने इष्टच होय.

आता वाय-फाय. पुष्कळ वाय-फाय कार्डांना ड्रायव्हर पुरेसा नसतो. त्यांच्या चिपवर दर वेळी फर्मवेअर, म्हणजे उत्पादकाच्याच मालकीचा एक लहानसा प्रोग्रॅम, चढवावा लागतो. तो इंटरनेटवर मिळतो, आणि इंटरनेट त्या कार्डातून मिळते. डेबियन या तत्त्वनिष्ठ लिनक्स-वितरणाने असे बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीत दीर्घकाळ येऊ दिले नाही. अखेर २०२२ साली सदस्यांचे मतदान होऊन २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते आले. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचे फर्मवेअर तर वाटण्याचीच परवानगी नसल्यामुळे, कंपनीचा तयार ड्रायव्हर आणून बी४३-एफडब्ल्यूकटर नावाच्या अवजाराने त्यातून ते कापून काढावे लागते, आणि तो ड्रायव्हरही इंटरनेटवरच असतो. पूर्वी येथे नेटवर्कची केबल जोडून मार्ग निघत असे. परंतु सडपातळपणाच्या हव्यासापायी अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांनी तिचे छिद्रच बुजवले आहे.

उरला उपाय अँड्रॉइड फोनाचा. तो यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की इन्स्टॉलर त्याला साधे तारेचे नेटवर्क समजतो आणि काम मार्गी लागते. त्या फोनातही लिनक्सचाच कर्नल असतो आणि त्याचे वाय-फाय मात्र पहिल्या दिवसापासून चालते, याचे साधकाने वैषम्य मानू नये. तेथे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची सोय झाल्याखेरीज फोन बनवणारा लाखो चिपा उचलत नाही. एका लॅपटॉपच्या धन्याचा असा धाक कोणासही वाटत नाही. तेव्हा त्याने केबल हलू न देता बसावे आणि फर्मवेअर पूर्ण उतरेपर्यंत घरातील कोणालाही तो फोन उचलू देऊ नये.